शेजारच्या राउटरमुळे डोकं दुखतं : ही तक्रार तपासायची कशी?

कोपऱ्यातला सचिव

ठाण्यातली गृहनिर्माण संस्था. ३०२ च्या सदस्यांचा समितीकडे लेखी अर्ज आहे. ३०१ चा वायफाय राउटर आणि इन्व्हर्टर सामाईक भिंतीला लागून आहेत, त्यांच्या लहरींमुळे डोकेदुखी होते, झोप लागत नाही, हातापायांना झिणझिण्या येतात. सबब राउटर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवण्याचा आणि इन्व्हर्टर हलवण्याचा आदेश समितीने द्यावा. सोबत ऑनलाइन मागवलेल्या मीटरचा फोटो जोडलाय: आकडा १८४०, खाली मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर, आणि लाल दिवा. ३०१ म्हणतात, रात्री परदेशच्या वेळेनुसार काम चालतं, राउटर बंद होणार नाही, हे सगळं थोतांड आहे.

फोटोतल्या आकड्याला किती किंमत द्यायची? त्रास राउटरमुळेच आहे का हे घरच्या घरी तपासता येतं का? आणि समितीला असा आदेश काढता येतो का? कोण चांगलं कोण वाईट ते नको, कामाचं सांगा.

शून्य डीबी

आधी आकडा बघू. १८४० मायक्रोवॅट म्हणजे १.८४ मिलिवॅट, म्हणजेच ०.००१८४ वॅट प्रति चौरस मीटर. दूरसंचार विभागाने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल टॉवरसाठी जी मर्यादा लावली ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश होती: ९०० मेगाहर्ट्झला ०.४५, १८०० ला ०.९ आणि २००० च्या वर १ वॅट प्रति चौरस मीटर. ती टॉवरसाठी आहे, पण तुलनेला सोयीची. त्यातल्या १ वॅटच्या मापाने फोटोतला आकडा मर्यादेच्या पाचशे चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास येतो.

मग दिवा लाल का? स्वस्त मीटरचे रंग बरेचदा जर्मनीतल्या 'बाउबायोलोगी' (घराचा आरोग्यावर परिणाम पाहणारी चळवळ) मंडळींच्या तक्त्यावर बेतलेले असतात. झोपायच्या जागी १००० मायक्रोवॅटच्या वर गेलं की त्यांची सगळ्यात वरची धोक्याची पायरी लागते. कुठल्या पातळीला कोण आजारी पडलं हे मोजून तो तक्ता झालेला नाही, 'जितकं कमी तितकं बरं' एवढंच त्यामागचं धोरण. फोनवर बोलताना मीटर डोक्याजवळ धरला तरी दिवा लालच होईल.

आता खरी गंमत. राउटरची ताकद साधारण १०० मिलिवॅट धरा आणि ती सगळीकडे सारखी पसरते असं माना. १ मीटरवर सुमारे ८ मिलिवॅट प्रति चौरस मीटर, ३ मीटरवर ०.९. तेही मध्ये भिंत नसताना आणि राउटर अखंड प्रक्षेपण करत असताना. १.८४ हा आकडा मोकळ्या हवेत दोन मीटरवरचा झाला. विटांची किंवा काँक्रीटची भिंत ओलांडून पलंगाशी एवढं यायला राउटर फारच जोरात हवा. म्हणून पहिला संशय मीटर धरणाऱ्याच्या खिशातल्या फोनवर, दुसरा ३०२ च्या स्वतःच्या राउटरवर.

शिवाय कुणी काही डाउनलोड करत नसेल तेव्हा राउटर काय करतो? दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक छोटी हाक देतो, ती एक-दोन मिलिसेकंदांची. म्हणजे वेळेच्या एक-दोन टक्केच प्रक्षेपण. मीटर 'पीक होल्ड'वर असेल तर त्या क्षणाचा कमाल आकडा गोठतो आणि फोटोत तोच येतो. मर्यादा मात्र सहा मिनिटांच्या सरासरीवर ठरते. गोठलेला कमाल आकडा एका बाजूला आणि सरासरीची मर्यादा दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

पुन्हा मोजायचं तर असं. ३०२ मधले सगळे फोन फ्लाइट मोडवर, त्यांचा राउटर, ब्लूटूथ स्पीकर, कॉर्डलेस फोन आणि स्मार्ट टीव्ही प्लगमधून काढलेले. मीटर हातात धरू नका, लाकडी स्टुलावर उशीच्या उंचीला ठेवा. मोजणाऱ्याने दोन पावलं मागे व्हावं, कारण अंगावरून लहरी परावर्तित होतात आणि आकडा हलतो. मीटर एकाच दिशेचा असेल तर तिन्ही दिशांना फिरवून मोजा आणि तीन आकड्यांची बेरीज करा. सरासरीच्या खुणेवर सहा मिनिटं. मग ३०१ मधला तिसरा माणूस राउटर बंद करतो, पुन्हा सहा मिनिटं. आकडा तसाच राहिला तर तो राउटर त्या आकड्याचा धनी नाही.

एककांचा घोळ नेहमी होतो. १ मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १० मिलिवॅट प्रति चौरस मीटर. व्होल्ट प्रति मीटरमध्ये आकडा असेल तर त्याचा वर्ग करून ३७७ ने भागा, वॅट प्रति चौरस मीटर मिळतात. फोटो अर्जाला जोडताना एकक कापलं जाणं ही नेहमीची तऱ्हा, इथे निदान ते दिसतंय.

वायरमन अण्णा

लहरींचं बाजूला ठेवा, अर्जात 'झिणझिण्या' हा शब्द आहे तो आधी उचला. नळाला, गिझरच्या पाइपला, फ्रिजच्या दाराला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो गळक्या विजेचा मामला असू शकतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

३०२ मध्येच सुरुवात करा. आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, ती ३० मिलिअँपिअरची आहे का, 'टेस्ट' बटण दाबल्यावर पडते का? पडली नाही तर त्याच दिवशी बदला. मल्टिमीटरने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज घ्या. दोन-तीन व्होल्टपर्यंत चालतं. त्याहून बराच जास्त, किंवा लोड चालू केल्यावर उड्या मारत असेल, तर न्यूट्रल सैल आहे किंवा अर्थ खड्ड्यापर्यंत पोचतच नाही. बऱ्याच जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं पण अर्थच्या पिनला वायरच नसते. दोन पिनांचे काही चार्जर लॅपटॉपच्या अंगावर मेन्सच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज ठेवतात. करंट एक मिलिअँपिअरहून बराच कमी, घातक नाही, पण ओल्या हाताला चुरचुरतं. अर्थ असलेला तीन पिनांचा चार्जर लावला की बंद.

दुसरं, इन्व्हर्टर. याचा त्रास खरा असू शकतो, फक्त तो कानाने होतो. ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५० हर्ट्झच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झने कंप पावतो. ट्रॉली भिंतीला टेकलेली असेल तर भिंत तीच घरघर पलीकडच्या उशीपर्यंत पोचवते. रात्री बाकी सगळं शांत असतं तेव्हा जास्त कळतं. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर पंखाही घुरघुरतो. फोनवर ध्वनिवर्णपटाचं फुकट अ‍ॅप घ्या, फोन उशीजवळ ठेवा. १०० आणि २०० हर्ट्झला उंच टोकं दिसली आणि इन्व्हर्टर बंद केल्यावर ती गेली, तर गुन्हेगार सापडला. फोनच्या माइकवर डेसिबलचा आकडा भरवशाचा नसतो, पण टोक आहे की नाही हे चांगलं कळतं.

उपाय: ट्रॉली भिंतीपासून हातभर पुढे, चाकांखाली जाड रबरी पॅड, जमलं तर बाहेरच्या भिंतीकडे हलवा. तसंही शिशाच्या बॅटरीतून चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, ती बंद कपाटात किंवा झोपायच्या खोलीत नकोच. हे ३०१ ने न भांडता करावं, 'लहरी' मान्य केल्या असा त्याचा अर्थ होत नाही.

तिसरं, एका वाक्यात: ३०२ मध्ये गॅस गिझर असेल आणि डोकेदुखी सकाळी आंघोळीनंतर वाढत असेल तर राउटरवरचं बोलणं थांबवा, गिझर बंद करा आणि कार्बन मोनॉक्साइडची तपासणी करा.

मंजिरी_मुलुंड

सगळे मिळून अर्जदारांना वेड्यात काढताय असं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' या २ बी गटात टाकल्या. फ्रान्समध्ये २०१५ मध्ये न्यायालयाने एका बाईंना याच त्रासासाठी अपंगत्व भत्ता दिला. स्वीडनमध्ये याला कार्यात्मक अक्षमता मानतात. आणि मर्यादा फक्त उष्णतेच्या परिणामावर ठरवलीय, त्याखाली काही होतच नाही हे कुणी सिद्ध केलं?

ओपीडीवाली

मंजिरीताई, वेडं कुणी म्हणत नाहीये. त्रास खरा आहे हे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २००५ च्या पत्रकातही म्हटलंय. त्याच पत्रकात पुढे आहे की त्रासाचा संबंध विद्युतचुंबकीय क्षेत्राशी जोडणारा शास्त्रीय पाया नाही, आणि हे वैद्यकीय निदान नाही. पहिलं वाक्य अर्जदार वाचतात, दुसरं शेजारी वाचतात, म्हणून भांडण मिटत नाही.

२ बी म्हणजे 'पुरावा मर्यादित, पण शक्यता नाकारता येत नाही'. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आणि आशियाई पद्धतीच्या लोणवलेल्या भाज्याही आहेत. शिवाय ते वर्गीकरण कर्करोगाबद्दल आहे, डोकेदुखीबद्दल नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला आढावा २०२४ मध्ये आला, त्यात मोबाइल वापर आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध दिसला नाही.

फ्रान्सच्या निकालात त्या बाईंना काम करता येत नाही एवढं मान्य झालं. कारण लहरीच, हे न्यायालयाने ठरवलं नाही. स्वीडनचंही तसंच, अडचण मान्य करतात, कारणाची हमी देत नाहीत. भत्ता मिळणं आणि शेजाऱ्याचा राउटर दोषी ठरणं यांत फार अंतर आहे.

मर्यादेखाली काय होतं हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच माणसांवर चाचण्या झाल्या. ज्यांना 'मला कळतं' असं वाटतं त्यांना लहर चालू की बंद हे न सांगता बसवायचं, चाचणी घेणाऱ्यालाही माहीत नाही. २०१० पर्यंतच्या आढाव्यात अशा ४६ चाचण्या आणि ११७५ माणसं मोजली गेली. एकूणात, लहर ओळखता येते किंवा तिच्यामुळे त्रास वाढतो असं टिकणारं काही हाती लागलं नाही. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठाच्या २००७ च्या अभ्यासात 'आता चालू आहे' असं सांगितल्यावर संवेदनशील लोकांना त्रास वाढला. तीच लहर न सांगता दिली तेव्हा चालू-बंदमध्ये फरक पडला नाही. मात्र त्यांचा त्रास एरवीही इतरांपेक्षा जास्तच होता. माणसं खोटं बोलत नव्हती.

याला नोसीबो म्हणतात: अपाय होणार अशी अपेक्षाच शरीरात अपाय उभा करते. २०१३ च्या एका प्रयोगात काहींना वायफायच्या धोक्याचा टीव्ही कार्यक्रम दाखवला, काहींना दुसराच काही. मग सगळ्यांना १५ मिनिटं बनावट वायफायसमोर बसवलं. निम्म्याहून अधिक जणांनी त्रास नोंदवला, आणि मुळात काळजीखोर असलेल्यांपैकी ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला त्यांना जास्त झाला.

अर्जदारांना एकच सांगेन. झोप, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब१२, मायग्रेन आणि मान यांची तपासणी राउटरच्या निकालाची वाट न पाहता करा. 'लहरी' असं लेबल एकदा लागलं की अ‍ॅनिमिया वर्षानुवर्षं तसाच राहतो.

सांख्यिकी

घरी अंध चाचणी, म्हणजे लहर चालू की बंद हे न सांगता घेतलेली, करता येते. पण अर्धवट केली तर दोन्ही बाजूंना आपापलं खरं वाटायला नवं निमित्त मिळतं, त्यापेक्षा न केलेली बरी.

पहिली पायरी उघडी फेरी. राउटर चालू आहे हे अर्जदारांना माहीत असताना त्रास किती मिनिटांत सुरू होतो, बंद केल्यावर किती वेळात उतरतो, ० ते १० मध्ये किती, हे त्यांनीच लिहून द्यायचं. 'अर्ध्या तासात डोकं ५ च्या वर' असं ठोस लिहिता आलं तरच पुढे जा. उघड्या फेरीतही त्रास होत नसेल तर तपासायला काही उरत नाही.

दुसरं, राउटरचा प्लग काढघाल करू नका. दिवे, उष्णता, अडॅप्टरची बारीक शीळ, यातून माणूस नकळत ओळखतो. राउटर दोन्ही वेळा चालूच ठेवायचा, फक्त त्याच्या सेटिंगमधून रेडिओ बंद करायचा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही, आणि पाहुण्यांचं नेटवर्कही. फायबरवाल्याच्या डब्यात वेगळा वायफाय असतो, तो लोक हमखास विसरतात. छपाईयंत्र आणि टीव्ही स्वतःचं नेटवर्क सोडतात, तेही बंद. ३०१ चं काम लॅनच्या केबलवर चालू राहतं, म्हणजे त्यांची कुरकुर नको. 'चालू' फेरीत एका लॅपटॉपवर वायफायने सतत मोठी फाइल उतरवत ठेवा, नाहीतर शून्य डीबी म्हणाले तसं राउटर नुसत्या हाका देत बसेल आणि उद्या 'खरा लोड नव्हता' असा आक्षेप येईल.

तिसरं, सगळ्यात मोठी गळती: ३०२ मधला फोन. नेटवर्कच्या यादीतून शेजाऱ्याचं नाव गायब झालं की चाचणी संपली. नाव लपवूनही भागत नाही, अ‍ॅपमध्ये लपलेलं नेटवर्क दिसतं. फोन, टॅब, स्मार्ट घड्याळ सगळं बंद करून डब्यात.

माणसं दोन. एक ३०१ मध्ये, तो प्रत्येक फेरीआधी नाणं उडवतो, निकाल कागदावर लिहून पाकिटात बंद करतो. दुसरा ३०२ मध्ये बसतो, त्याला काहीच माहीत नाही. दोघांत बोलणं नाही, फक्त ठरलेली वेळ. दोघेही दोन्ही घरांच्या बाहेरचे हवेत, समितीतलेही नकोत. पाच चिठ्ठ्या चालू आणि पाच बंद असं करू नका, शेवटच्या फेऱ्या मोजून ओळखता येतात. नाणंच. सात चालू आणि तीन बंद आलं तरी तसंच राहू द्या. ३०२ मध्ये नोंद ठेवणारा मीटर असेल तर तो पडदा झाकून खोक्यात सीलबंद ठेवा, शेवटी उघडून पाकिटांशी ताडा. रेडिओ खरंच बंद झाला होता याचा तोच पुरावा.

फेऱ्या दहा, मधली विश्रांती अर्जदारांनी उघड्या फेरीत सांगितली तेवढी, एका दिवसात दोनाहून जास्त नको. प्रत्येक फेरीत 'चालू' की 'बंद' एकच उत्तर. 'सांगता येत नाही' चालणार नाही. नुसत्या अंदाजाने दहापैकी ८ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ५.५ टक्के, ९ किंवा जास्त १.१ टक्का. म्हणून कमीत कमी ९ हवेत असं आधी लिहा. ८ आले तर 'लागलंच होतं की' असा वाद घालायला जागा ठेवू नका. तक्रार फक्त झोपेची असेल तर १४ रात्री घ्या, रोज संध्याकाळी नाणं, सकाळी उठल्याबरोबर उत्तर. तिथे ११ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता तीन टक्क्यांच्या आत.

एक ठरलेली फसगत: अर्जदार प्रत्येक फेरीला 'चालू' म्हणतात. नाण्याने सहा वेळा चालू आलं तर ६ बरोबर, आणि मग 'बघा, सहा वेळा ओळखलं'. नुसता बरोबरचा आकडा वाचू नका, 'बंद' असताना किती वेळा बंद म्हटलं तेही बघा.

आणि सही. दोघांनी फेऱ्यांच्या आधी लिहून द्यायचं की निकाल असा आला तर मी हे करीन. '९ आले तर ३०१ रात्री केबलवर जाईल, नाही आले तर ३०२ राउटरची तक्रार मागे घेईल.' सही नसेल तर नंतर 'मला परिणाम दुसऱ्या दिवशी जाणवतो' हे वाक्य येणारच.

ओपीडीवाली

सांख्यिकी, योजना उत्तम, पण अपेक्षा बेताची ठेवा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी अशा चाचणीनंतर लोकांना त्यांचा स्वतःचा निकाल दाखवला: तुम्हाला ओळखता आलं नाही. त्यांच्या समजुतीत फारसा फरक पडला नाही. चाचणी समितीला निर्णय द्यायला उपयोगी, माणसाचं मत बदलायला क्वचितच. आणि निकाल व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका, तो आजाराबद्दलचा खासगी तपशील आहे.

शून्य डीबी

दक्षिण आफ्रिकेतली एक गोष्ट या संदर्भात सांगतात. जोहान्सबर्गजवळ क्रेगावॉनमध्ये २००९ च्या अखेरीस रहिवाशांनी आयबर्स्ट कंपनीच्या टॉवरमुळे पुरळ आणि डोकेदुखी होते अशी तक्रार केली. कंपनीने नंतर जाहीर केलं की तक्रारी चालू असतानाच टॉवर सहा आठवडे बंद होता. ऐकायला झकास, पण हा कंपनीचा दावा आहे, चाचणी नव्हे. म्हणूनच पाकिटं आणि सीलबंद मीटर हवा.

कलम९१

तिसऱ्या प्रश्नावर येतो. राउटर परवानामुक्त पट्ट्यात चालतो, वापर कायदेशीर आहे. तो बंद करण्याचा आदेश समितीने काढला तर तो टिकणं कठीण. समिती विनंती करू शकते, दोघांना बसवू शकते. इन्व्हर्टरच्या आवाजाचं वेगळं: रहिवासी भागात रात्री १० ते ६ ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि उपविधींत इतरांना उपद्रव देऊ नये असं असतंच. तिथे समितीचा हात थोडा लांब पोचतो. सहकार कायद्याचं कलम ९१ संस्थेच्या कारभाराशी निगडित वादांसाठी. दोन सदस्यांमधल्या निव्वळ खासगी उपद्रवाला दिवाणी न्यायालय.

खासगी उपद्रवाची कसोटी सर्वसाधारण माणसाला त्रास होईल का, ही. १८८९ चा 'रॉबिन्सन विरुद्ध किल्व्हर्ट' हा इंग्लंडचा निकाल: तळघरातल्या उष्णतेने वरच्या मजल्यावरचा नाजूक तपकिरी कागद सुकला, साध्या कागदाला काही झालं नसतं, दावा फेटाळला. अर्जदारांचं सगळं म्हणणं मान्य केलं तरी ही भिंत आडवी येते, कारण 'मला इतरांपेक्षा जास्त होतं' हाच त्यांचा मुद्दा आहे.

नेमका असाच खटला अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या सांता फे इथे २०१० मध्ये दाखल झाला. शेजारणीचा फोन आणि वायफाय यांमुळे आजारी पडलो म्हणून लाखो डॉलरची भरपाई मागितली. विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही म्हणून जिल्हा न्यायालयाने २०१२ मध्ये दावा काढून टाकला, २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ते कायम केलं. शेजारीण जिंकली, पण पाच वर्षं कोर्टात काढून. ३०१ ने 'थोतांड' हा शब्द लेखी उत्तरात लिहू नये तो यासाठी.

कोपऱ्यातला सचिव

सगळ्यांचे आभार. इन्व्हर्टर हलवायला ३०१ तयार झालेत, अर्थिंग तपासायला ३०२ तयार आहेत. राउटरच्या चाचणीला मात्र ३०२ चा नकार, 'आमच्यावर प्रयोग नकोत'. आता?

कलम९१

नकाराचा त्यांना पूर्ण हक्क आहे, त्यावरून खोटं ठरवू नका. इतिवृत्तात एवढंच लिहा: अर्थिंग व आरसीसीबी तपासणीचा अहवाल अमुक तारखेपर्यंत, इन्व्हर्टर अमुक तारखेपर्यंत हलवणे, राउटरबाबत प्रस्तावित चाचणीस अर्जदारांची संमती नसल्याने समिती आदेश देत नाही, संमती आल्यास विषय पुन्हा घेता येईल. दोघांना प्रत देऊन पोच घ्या.

वायरमन अण्णा

तपासणीला लायसन्सवाला माणूस बोलवा आणि अर्थचा प्रतिकार ओहममध्ये लेखी मागा. 'ठीक आहे' एवढं लिहिलेला कागद घेऊ नका. आणि पूर्ण जिना तपासा. खालच्या मजल्याचं न्यूट्रल सैल असेल तर ३०२ मध्ये कितीही चांगली आरसीसीबी लावली तरी व्होल्टेज नाचतच राहील.